दादा, तू जिन्यावरून परत गेलास त्याबद्दल

दादा, पंधरा वर्षं मी लोकांच्या तोंडावर दिवा धरते आहे. पनवेलमधल्या कितीतरी माणसांच्या दाढा मला त्यांच्या चेहऱ्यांपेक्षा जास्त ओळखीच्या आहेत. भाजी घेताना समोरून कोणी हसलं की मला आधी त्याची वरची डावी कॅप आठवते, मग नाव. तुझ्या तोंडावर मात्र मी एकदाही दिवा धरला नाही. 'दिव्याखाली अंधार' ही म्हण वाक्यात वापरून मी शाळेत मार्क मिळवले होते. तेव्हा ती मलाच लागू होणार आहे हे बाईंनी काही सांगितलं नव्हतं.

तुला जाऊन अठरा दिवस झाले. आज मी दाताच्या दवाखान्यात कामावर गेले. डॉक्टर म्हणाले होते, अजून आठवडाभर नाही आलीस तरी चालेल, पण घरात बसून मी काय करणार होते? येणारा प्रत्येक जण एकच वाक्य बोलून चहा पिऊन जातो. "सुटला बिचारा." सुटला काय सुटला? तुला सुटायचं होतं असं तू कोणाला सांगितलं होतंस का? आणि दुसरं वाक्य दारात चपला घालताना, हळू आवाजात: "दारूने नेला." हे ऐकलं की मला त्यांच्याशी भांडावंसं वाटतं. मग वाटतं, भांडून सांगायचं काय? खोटं तर काही नाही त्यात. फक्त ते पुरं नाही, आणि उरलेलं मला माहीत आहे.

तुला आठवतं ना, तू मला पहिल्यांदा दाताच्या डॉक्टरकडे नेलं होतंस ते? मी तिसरीत होते आणि तू नुकताच कामधंद्याला लागलेला. माझा गाल सुजून डोळा बारीक झाला होता. बाबा म्हणत होते लवंग दाबून धर, दोन दिवसांत उतरेल. तू सायकल काढलीस, मला मागे बसवलंस आणि नेऱ्याकडच्या आपल्या गावातून थेट पनवेलला आणलंस. तो म्हातारा डॉक्टर, ती पायाने पंप मारून वर करायची खुर्ची. मी दाराची चौकट दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. आत यायलाच तयार नाही. तेव्हा तू गेलास आणि स्वतः खुर्चीत बसलास.

"आधी माझा बघा, डागतर," तू म्हणालास. "मना काय करतात ते ती बघेल, मंग बसेल."

डॉक्टरने हसत तुझे दात आरशाने एकेक ठोकून बघितले. म्हणाला, "घोड्याचे दात आहेत रे तुझे. म्हातारपणी अक्रोड फोडशील." मग मी बसले. तू माझ्या पायाचा अंगठा धरून उभा होतास, आणि दुखलं की मी पाय झाडायचे आणि तू म्हणायचास, "झालं, झालं, बाय." त्या एका सर्टिफिकेटावर तू पुढची सगळी वर्षं काढलीस. दाताचा विषय निघाला की तेच. "मना डागतरने सांगितलंय, घोड्याचे दात हायत." मी म्हणायचे, अरे तो डॉक्टर वारला, घोडाही म्हातारा झाला असेल, आता तरी दाखव. तू हसायचास. हसताना तुझे पुढचे दात खरोखर छान दिसायचे.

त्या दातांवरच तर तुझं पोट होतं. तुकाराममामाने तुला बँडमध्ये घेतलं तेव्हा तो क्लॅरिनेट वाजवायचा आणि त्याने तुझ्या हातात ट्रम्पेट दिलं, कारण म्हणे तुझे दात सरळ आणि ओठ जाड. उरण, उलवे, द्रोणागिरीपासून इकडे नेऱ्यापर्यंत ज्या घरी हळद असेल त्या घरी तुमचा बँड. तुझं ट्रम्पेट सुरू झालं की म्हाताऱ्या बायकाही पदर खोचून उभ्या राहायच्या. माझ्या हळदीला तू पाहुण्यासारखा बसायला हवा होतास. तू बसला नाहीस. "माझ्या बहिनीच्या हलदीला दुसरा कोन वाजवनार?" म्हणालास आणि ओठ फुटेपर्यंत वाजवलंस. तेवढं सुख मला आयुष्यात फार वेळा मिळालं नाही, दादा. हे मी तुला कधी सांगितलं नाही. आपल्यात कुठे असं सांगतात.

पण त्याच हळदीच्या मांडवात ती रीत होती. घरधनी बँडवाल्यांना आधी बसवणार, खारे शेंगदाणे, उकडलेली अंडी आणि बाटली पुढे ठेवणार, आणि मगच पहिलं गाणं. न ठेवणारा कंजूष ठरायचा आणि न घेणारा मिजासखोर. तू सुरुवातीला नुसता ओठांना लावायचास. म्हणायचास, ओठ सुटतात. मग ओठ सुटायला एक, दम टिकायला एक आणि उतरल्यावर झोप यायला एक. हळदी काही रोज नसतात, पण ओठ रोज सुटावे लागायला लागले. हे कोणत्या वर्षी झालं ते मला सांगता येत नाही. तुझ्या बायकोला, वयनीलाही नाही. तिच्या तोंडून मी पहिल्यांदा "सकालपासून" हा शब्द ऐकला तेव्हा ती भांडी घासत होती आणि तिने मान वर केली नाही.

आमच्या दवाखान्यात नवीन पेशंटला एक कागद भरायला देतात. नाव, वय, शुगर आहे का, बीपी आहे का. खाली तंबाखू आणि मद्यपान. मद्यपानापुढे तीन चौकोन: नाही, कधीतरी, रोज. पंधरा वर्षांत मी 'रोज'वर खूण केलेली पाहिली नाही. सगळं पनवेल 'कधीतरी' पितं. मला कागद वाचावा लागत नाही. तोंड उघडलं की कळतं. वेलची चघळून आलेला, बडीशेप खाऊन आलेला, दातांवर तीनदा ब्रश मारून हिरड्यांतून रक्त काढून आलेला. ही माणसं दात दुखतो तेव्हा येत नाहीत. दुखतो तेव्हा त्यांच्याकडे औषध असतंच, गुळणी करायची आणि गिळायची. ती येतात ते औषध चालेनासं झाल्यावर. सकाळची वेळ घेत नाहीत. घेतली तर येत नाहीत. रूट कॅनालच्या पहिल्या सिटिंगला येतात, ठणका थांबतो, आणि दुसऱ्या सिटिंगला त्यांची बायको फोन करते की हे गावाला गेलेत. दाढेत आमचा कापूस घेऊन किती माणसं फिरत असतील कोण जाणे. मी त्यांना फोन करून करून थकते आणि मग आमच्या रिसेप्शनच्या मुलीजवळ म्हणते, "या लोकांना स्वतःच्या तोंडाचीच पर्वा नाही." हे वाक्य मी किती सहज बोलायचे. तू त्यांच्यातलाच होतास, हे ठाऊक असूनही.

तुझी खालची डावी दाढ तुटली ती अक्रोडाने नाही, मटणाच्या नळीने. तुकडा पडला आणि कड राहिली, काचेसारखी. तू काय केलंस? मेणबत्तीचं मेण बोटांत मऊ करून त्या कडेवर बसवलंस आणि सुपारीला, म्हणजे ठरलेल्या कार्यक्रमाला, निघून गेलास. मग तेच सुरू झालं. प्रत्येक सुपारीआधी मेण. तू मला मोठ्या अभिमानाने दाखवलं होतंस, खिशात प्लास्टिकच्या डबीत ते मेण, जणू काही शोध लावलायस. मी कपाळाला हात लावला. मी म्हटलं, दाढ काढून टाक नाहीतर घासून तरी घे, पाच मिनिटांचं काम आहे. तू म्हणालास, दाढ गेली की गाल आत जातो, गाल आत गेला की वारा सुटतो, वारा सुटला की ट्रम्पेट गेलं. मी म्हटलं, अरे एका दाढेने काही होत नाही. तू म्हणालास, "तू वाजवतेस काय?" आणि दरवेळी शेवटचं पालुपद: "मी तंबाकू खात नाय, गुटका खात नाय. माझ्या तोंडाला काय होनार?" तेव्हा मला तोंडावर सांगता आलं असतं की दारूनेही होतं, आमच्या भिंतीवरच्या तक्त्यावर लिहिलेलं आहे. मी ते सांगितलं नाही. ट्रम्पेटचा आणि गालाचा वाद घालत बसले.

आणि एकदा तू ऐकलंस. हे मला विसरायचं नाहीये, कारण लोक म्हणतात त्याने कधी मनावरच घेतलं नाही. माझ्या रोडपालीच्या घरी तू सकाळी नऊला आलास. आदल्या संध्याकाळपासून घेतली नव्हतीस. साडेदहाची वेळ मी डॉक्टरांकडे सांगून ठेवली होती, नाव न सांगता, नुसतं 'एक ओळखीचे' म्हणून. मी चहा दिला. कप तुझ्या हातात वाजायला लागला. तू तो बशीत ठेवलास, बशी वाजायला लागली. तुझ्या कपाळावरून घाम गळत होता आणि पंखा पाचवर होता. मी म्हटलं, "थोडा धीर धर. माणसाने ठरवलं की काय होत नाही?" तू माझ्याकडे असं बघितलंस, जसं मी तिसरीत असताना तुझ्याकडे चौकट धरून बघत होते. दहा वाजता म्हणालास, मोबाइलचं रिचार्ज मारून येतो. तू परत आला नाहीस, हे काही नवल नव्हतं. मी तुला फोनवर काय काय बोलले ते तुला पाठ असेल. नंतर, फार नंतर, मोठ्या हॉस्पिटलात त्यांनी तुझ्या त्या थरथरीवर गोळ्या दिल्या आणि चार-पाच दिवसांत तुझे हात शांत झाले. त्यावर औषध असतं, दादा. दारू अशी एकाएकी सोडणं धोक्याचंही असतं म्हणे. पंधरा वर्षं दवाखान्यात काढून मला हे माहीत नव्हतं. मला वाटायचं, दातांवर दात दाबून सोसायचं असतं.

आता त्या संध्याकाळचं लिहिते. इतका वेळ मी इकडचं तिकडचं बोलते आहे ते त्याच्यासाठीच.

दोन वर्षांपूर्वीचा पितृपक्ष. गणपती उरकले होते, नवरात्राला अवकाश होता. पितृपक्षात तुमच्या बँडला एकही सुपारी नसते, म्हणून ओठांना सुट्टी. दाढ काढायची तर हेच पंधरा दिवस, हे मीच तुला वर्षभर सांगत होते. पण तू येशील असं मला वाटलं नव्हतं. संध्याकाळचे सात वाजलेले, बाहेरच्या सोफ्यावर खारघरहून आलेलं एक कुटुंब बसलेलं, त्यांच्या मुलीच्या दातांना तारा बसवायच्या होत्या. आत डॉक्टर एका बाईंची कॅप बसवत होते. मी दार उघडलं तर जिन्याच्या वरच्या पायरीवर तू. इस्त्रीचा पांढरा शर्ट, केसांना तेल, चपला खालच्याच पायरीवर नीट जोडून ठेवलेल्या. आणि वेलचीचा वास. वेलचीच्या मागचा वासही.

"येकच घेतली," तू म्हणालास, मी काही विचारायच्या आधीच. "हात कापू नये म्हनून. दाढ ठनकतेय बाय, आनि..."

मी तुला पुढे बोलू दिलं नाही. मागे सोफ्यावरची माणसं बघत होती, मला त्यांची नजर पाठीवर कळत होती. मी दार अर्धं ओढून घेतलं आणि तुला म्हटलं, "आज डॉक्टर बघू शकणार नाहीत. तुम्ही उद्या सकाळी या."

तुम्ही. तुला मी तुम्ही म्हटलं, दादा. आपण दोघं जन्मात कधी असं बोललो नव्हतो. मी दवाखान्यात शुद्ध बोलते म्हणून तू मला किती चिडवायचास, फोनवर माझा आवाज काढून दाखवायचास, 'नमस्कार, बोला, काय त्रास होतोय.' त्या दिवशी मी त्याच आवाजात तुझ्याशी बोलले. आणि वर दाराशेजारच्या पाटीकडे बोट दाखवलं. 'मद्यपान करून आलेल्या पेशंटला तपासले जाणार नाही.'

तू ती पाटी वाचलीस. सावकाश, एकेक शब्द, ओठ हलवत. मग म्हणालास, "अक्षर तुझंच हाय ना?"

माझंच होतं. एक जण पिऊन येऊन खुर्चीतून पडला होता, दुसऱ्याने दवाखान्यात धिंगाणा घातला होता, तेव्हा डॉक्टरांनी मला लिहायला सांगितली होती ती पाटी.

"चांगलं हाय," तू म्हणालास. "नियम तो नियम." आणि वळलास.

आतून डॉक्टरांचा आवाज आला, "कोण आहे गं?"

मी म्हटलं, "कोणी नाही. पत्ता विचारत होता."

तू तेव्हा जिन्याच्या वळणावर होतास. तुझी पावलं तिथे थांबली. मी मोजलं नाही, पण श्वास घेऊन सोडण्याइतका वेळ तरी थांबली. मग पुन्हा खाली जायला लागली. तू ऐकलंस हे मला तेव्हाच कळलं होतं. तू ट्रम्पेटवाला, बारीक सूर हलला तरी तुझी मान फिरायची. एका जिन्यावरचं वाक्य तुला ऐकू येणार नाही असं कसं होईल?

दुसऱ्या दिवशी सकाळी तू आला नाहीस. मी फोनही केला नाही. लाज झाकायला राग बरा असतो, मी रागावून बसले. पिऊन यायचं आणि वर माझी शोभा करायची, असं मनाशी बोलत राहिले.

मग भाऊबीज. तू आलास हेच मला खूप होतं. मी ओवाळलं, तू ताटात साडी ठेवलीस, वयनी हसत होती. मी फराळाचं ताट पुढे केलं. तू रव्याचा लाडू खाल्लास, करंजीचं सारण खाल्लंस. चिवड्याला हात लावला नाहीस. माझ्या हातचा तिखट चिवडा तू डब्यातून चोरून खायचास, लग्नाआधीपासून. मी मनात म्हटलं, रुसलाय. रुसू दे. आपला भाऊ आहे, जाईल कुठे?

त्या मोसमात तू वाजवायला लागलास आणि तुकाराममामाला आधी कळलं. सूर येत होता पण तुटक येत नव्हता, सगळे एकात एक वाहायचे. प्रत्येक सूर जिभेने तोडून सोडावा लागतो, हे मला तेव्हा समजलं. तू मामाला म्हणालास, "जीभ लागत नाय." मामाने तुला दुसरा माउथपीस दिला. तुम्ही दोघांनी दोष पितळेला दिला. वैशाखापर्यंत तू वाजवत राहिलास, मेण लावून, दारूची गुळणी करून. मग एक दिवस वयनीने फोन केला की त्याच्या उशीवर रक्त असतं.

मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी तुझी जीभ बाजूला ओढून मला दाखवली. जखम बरोब्बर त्या तुटक्या कडेसमोर. मी अशा जखमा आमच्याकडे पाहिल्या आहेत, अगदी मुगाच्या दाण्याएवढ्या असताना. डॉक्टर तेव्हाच चिठ्ठी लिहून पुढे पाठवतात आणि त्यातले काही परत येऊन पेढे देऊन जातात. तुझी मुगाएवढी राहिली नव्हती. त्यांनी विचारलं, कधीपासून आहे? तू म्हणालास, शिमग्यापासून. मी ते धरून बसले. शिमगा म्हणजे पितृपक्षानंतर कितीतरी. म्हणजे त्या संध्याकाळी काही नव्हतंच, फक्त दाढ होती. या हिशेबावर मी एक वर्षाहून जास्त झोपले.

अर्धी जीभ काढली त्यांनी. तू दारूला पुन्हा हात लावला नाहीस, सगळे म्हणायचे बघा, सोडली की नाही. बैल गेला आणि झोपा केला. तुझं बोलणं फक्त वयनीला समजायचं आणि तिलाही निम्मं. तू मला पोरांच्या दगडी पाटीवर लिहून दाखवायचास. पाणी. पंखा. तुझा नवरा जेवला का. एवढं सगळं लिहिलंस, त्या संध्याकाळबद्दल एक अक्षर लिहिलं नाहीस. मीही विचारलं नाही. रोज बसमधून येताना ठरवायचे की आज म्हणायचं, दादा, मी चुकले. आणि तुझ्या खाटेजवळ आले की तोंडातून निघायचं, "ज्यूस आणू का?"

शेवटच्या आठवड्यात तू डोळे मिटून पडलेला असायचास आणि उजव्या हाताची तीन बोटं चादरीवर हलायची. ट्रम्पेटच्या तीन बटनांवर हलतात तशी. तुकाराममामा बघायला आला तेव्हा तो बराच वेळ तुझ्या बोटांकडे बघत राहिला आणि मग डोळे पुसत म्हणाला, "हलदीचा चाललाय." मी कितीदा बघितलं, मला कुठलं गाणं ते ओळखता आलं नाही. पायाचा अंगठा धरून बसले. तेवढंच करता येत होतं.

दहाव्याला तुझ्या आवडीचं सगळं पानावर ठेवायचं म्हणून मी पहाटेपासून चुलीपुढे होते. कोणीतरी क्वार्टर आणली होती, ती ठेवायची की नाही यावर बाहेर वाद चालला होता. मी त्यात पडले नाही. मी सुक्या जवळ्याची चटणी वाटली, लाल, तुला लागायची तशी. पानावर वाढायला लागले तर वयनीने माझा हात धरला.

"चटनी नको," ती म्हणाली. "तिखट नव्हता खात तो."

मी म्हटलं, ऑपरेशननंतर ना? ती म्हणाली, "त्याच्या आदीपासून. दोन वर्सांमागच्या गनपतीत पयल्यांदा बोलला, जिभेला झोंबतंय. तवापासून मी त्याचं कालवन येगलं काढायची. तुमाला नाय सांगितलं त्याने? तुमच्याकडं दाखवायला जातो बोलला होता पितरांत. गेल्ता ना?"

गेल्ता ना. ती सहज विचारत होती, दादा. तिच्या हातात तांदळाची परात होती. मी म्हटलं, धूर फार झालाय, आणि मागच्या दाराने बाहेर गेले. तिथे मला तो चिवडा आठवला. तू रुसला नव्हतास. मी वाढलेलं तुला खाता येत नव्हतं, आणि तू ते मला सांगितलं नाहीस, कारण एकदा सांगायला आला होतास.

आज दवाखान्यात गेले तर सगळं तसंच होतं. खिडकीखालून कोणाच्या तरी गणपतीच्या तयारीचा टेम्पो जात होता. पाटी जिथल्या तिथे. दुपारी पेशंट नव्हता तेव्हा मी डॉक्टरांना म्हटलं, ही पाटी काढून टाकू या. त्यांनी मला समजावलं. प्यायलेल्या माणसाला भूल नीट लागत नाही, रक्त थांबत नाही, काही झालं तर जबाबदारी कोणाची? एकेक शब्द खरा होता, मीच हे कितीदा लोकांना सांगितलंय. मग म्हणाले, "पण अगं, दात काढायचा नाही म्हणजे तोंडही बघायचं नाही असं थोडंच आहे? कोणी आला तर नुसतं बघून तर मी देतोच. तू सांगत जा मला."

ते नेहमीच बघतात, दादा. मला माहीत होतं. त्या संध्याकाळीही माहीत होतं.

मग मी सांगितलं. म्हटलं, "दोन वर्षांपूर्वी पितृपक्षात एक जण जिन्यावर आला होता. तुम्ही आतून विचारलंत कोण आहे. मी म्हटलं, पत्ता विचारत होता."

त्यांनी आठवून बघितलं. खरंच प्रयत्न केला. "नाही गं आठवत," म्हणाले. "रोज कोणी ना कोणी येतंच."

"तो माझा भाऊ होता."

ते हातातले ग्लोव्ह्ज काढत होते, ते तसेच अर्धे राहिले. मला वाटत होतं, आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. पण ते खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले आणि पेशंटला विचारतात तशा आवाजात त्यांनी विचारलं, "काय होत होतं त्याला तेव्हा?"

"दाढ ठणकत होती," मी म्हटलं. "आणि..."

डॉक्टर थांबले. मी पुढचं सांगेन म्हणून ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले, आणि माझ्याकडे पुढचं काही नव्हतं, दादा. तू तेवढंच बोलला होतास.